चालू काम मध्येच थांबवण्याची सोय: ‘रद्द करा’ बटण लावण्याआधी काय ठरवावे लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेच्या हिशेबाच्या प्रणालीत सुमारे १८,००० बचत खात्यांवर सहामाही व्याज आकारायला २४ मिनिटे लागतात. तेवढा वेळ स्क्रीन गोठलेली असते, कारकून वाट पाहून कंटाळतो, टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम बंद करतो आणि आकारणी पुन्हा पहिल्यापासून चालवतो. मागच्या सप्टेंबरअखेरीस अशाने काही खात्यांत व्याज दोनदा जमा झाले. प्रणाली सी शार्प आणि विंडोज फॉर्म्समध्ये लिहिलेली आहे, डेटाबेस पोस्टग्रेस आहे, आणि ‘रद्द करा’ बटण देऊन त्यामागे थ्रेड.अबॉर्ट (चालू थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधला कामाचा एक धागा, बाहेरून मारण्याची आज्ञा) लावले तर चालेल का, अशी विचारणा आहे.

चालणार नाही. त्याची कारणे पुढे देतो, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. व्याज दोनदा जमा होणे हा बटण नसल्याचा परिणाम नाही. वीज गेली असती किंवा नेटवर्कची केबल निघाली असती, तरी हेच झाले असते. काम कुठेही तुटले तरी हिशेब जुळलेला राहील, अशी रचना आधी लागते. ती असेल तर बटण देणे हे दोन दिवसांचे काम आहे. ती नसताना दिलेले बटण म्हणजे जे नुकसान कारकून आज टास्क मॅनेजरमध्ये जाऊन करतो, ते एका क्लिकवर आणून ठेवणे होय.

लोक काम मध्येच का थांबवतात, याबद्दल आपल्या क्षेत्रात एक सोयीस्कर गैरसमज आहे, तो म्हणजे त्यांना धीर नसतो. माझा अनुभव वेगळा आहे. थांबवण्याच्या बहुतेक विनंत्या पहिल्या मिनिटाच्या आत येतात, कारण ‘सुरू करा’ दाबल्याबरोबर माणसाच्या लक्षात येते की तारीख ३० सप्टेंबरऐवजी ३० ऑगस्ट राहिली आहे किंवा व्याजदर जुनाच आहे. अशा वेळी थांबवणे ही अधीरता नसून चूक वेळीच सुधारण्याची धडपड असते, आणि प्रणालीने तिला अडथळा करणे हा खरा दोष आहे. दुसरे कारण म्हणजे काम चालू आहे की अडकले आहे, हेच कळत नाही. विंडोजमध्ये एखाद्या खिडकीने सुमारे ५ सेकंद संदेशांना प्रतिसाद दिला नाही, तर खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमच तिच्या मथळ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहिते आणि ती बंद करण्याचा पर्याय पुढे करते. तुमच्या कारकुनाने तो पर्याय स्वीकारला, यात त्याचे काय चुकले? वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादा आजही उपयोगी पडतात: ०.१ सेकंदात झालेली गोष्ट तत्काळ वाटते, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांपुढे लक्ष टिकत नाही, म्हणून तिथे किती काम झाले ते दाखवावे आणि थांबवण्याची सोय ठळकपणे द्यावी. २४ मिनिटांच्या कामाला ही सोय नसणे अक्षम्य आहे.

आता थ्रेड.अबॉर्टविषयी. चालू थ्रेडला बाहेरून बळजबरीने मारण्याची सोय अनेक भाषांनी आणि प्रणालींनी सुरुवातीला दिली आणि नंतर मागे घेतली किंवा तिच्यावर धोक्याची पाटी लावली. जावातील थ्रेड.स्टॉप ही पद्धत १९९८ च्या १.२ आवृत्तीतच कालबाह्य ठरवली गेली, आणि २० व्या आवृत्तीपासून ती बोलावली की थेट अपवादच (काम तोडणारी सूचना) फेकला जातो. डॉटनेट हा सी शार्प प्रोग्रामचा पाया आहे; त्याच्या ‘कोअर’ आवृत्तीपासून पुढे थ्रेड.अबॉर्ट चालतच नाही, म्हणजे उद्या तुम्ही प्रणाली नव्या डॉटनेटवर नेली की बटणाखालचा आधारच निघून जाईल. विंडोजचे टर्मिनेटथ्रेड तर याहून वाईट आहे. मारलेल्या थ्रेडच्या हातात त्या क्षणी मेमरी वाटपाचे कुलूप असेल, तर ते कुलूप कधीच सुटत नाही आणि बाकीचे थ्रेड मेमरी मागताना जागच्या जागी थिजतात.

या सगळ्यांचे मूळ एकच आहे. बाहेरून मारणाऱ्याला आतला थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर आहे, हे माहीत नसते. तुमच्या आकारणीत प्रत्येक खात्यासाठी दोन नोंदी होतात: ‘ठेवीवरील व्याज’ हे खर्चाचे खाते नावे पडते आणि ठेवीदाराचे खाते जमा होते. पहिली नोंद झाली आणि दुसरी व्हायच्या आत थ्रेड मेला, तर तेरीज (नावे आणि जमा बेरजांचा मेळ) जुळणार नाही. ती का जुळत नाही हे शोधायला तुम्हाला किंवा लेखापरीक्षकाला दोन दिवस लागतील. रोकड मोजणाऱ्या माणसाला थांबवायचे असेल तर आपण त्याचा हात धरत नाही. आपण त्याला सांगतो, आणि हातातले बंडल पुरे करून तो थांबतो.

म्हणून थांबवण्याची योग्य पद्धत सहकाराची आहे. एक बाजू विनंती नोंदवते, आणि काम करणारी बाजू ठरावीक सुरक्षित जागी ती विनंती पाहून स्वतः थांबते. डॉटनेटमध्ये २०१० सालच्या चौथ्या आवृत्तीपासून यासाठी कॅन्सलेशनटोकन आहे. गो भाषेच्या मानक संचात २०१६ च्या १.७ आवृत्तीपासून कॉन्टेक्स्ट आहे, आणि ब्राउझरमध्ये २०१७ पासून अबॉर्टकंट्रोलर येऊ लागला. नावे वेगळी असली तरी घडण एकच आहे: विनंती करण्याचा अधिकार एका वस्तूकडे, तो स्क्रीनपाशी राहतो, आणि ती विनंती फक्त वाचता येईल असे टोकन दुसऱ्या वस्तूच्या रूपाने कामाच्या प्रत्येक फंक्शनपर्यंत खाली उतरते. सर्वाधिक वेळा आढळणारी चूक या उतरणीतच होते. वरचे फंक्शन टोकन घेते, मधले घेते पण पुढे देत नाही, आणि सगळा वेळ खाणाऱ्या तळाच्या फंक्शनला कुणी थांबायला सांगितले आहे याचा पत्ताच नसतो. कोड तपासताना मी आधी हेच पाहतो.

तुमचा लूप, म्हणजे खात्यामागून खाते घेणारी कामाची फेरी, जवळून पाहू. १८,००० खाती २४ मिनिटांत, म्हणजे १,४४० सेकंदांत होतात, याचा अर्थ एका खात्याला सरासरी ८० मिलिसेकंद लागतात. प्रत्येक खात्याच्या सुरुवातीला एकदा टोकन पाहिले तर बटण दाबल्यापासून साधारण ८० मिलिसेकंदांत काम थांबेल, म्हणजे ०.१ सेकंदाच्या मर्यादेतच. टोकन पाहण्याचा खर्च ८० मिलिसेकंदांपुढे नगण्य आहे, तेव्हा ‘दर १०० खात्यांनी एकदा पाहू’ अशी काटकसर करू नका. तसे केल्यास थांबायला ८ सेकंद लागतील आणि कारकून तेवढ्यात पुन्हा टास्क मॅनेजर उघडेल. पाहायचे मात्र खात्याच्या सुरुवातीलाच, नावे आणि जमा या दोन नोंदींच्या मध्ये कधीही नाही. प्रगतीचा आकडा पुढे सरकवण्याची जागाही हीच आहे. ‘१८,००० पैकी ४,२१२ खाती झाली’ असे जिथे खरेपणाने सांगता येते, तिथे सुरक्षितपणे थांबताही येते.

इथे एक विषयांतर करतो, कारण विंडोज फॉर्म्समध्ये एक जुना मोह आहे. काम वेगळ्या थ्रेडवर न नेता लूपमध्येच अॅप्लिकेशन.डूइव्हेंट्स बोलावले की स्क्रीन जिवंत होते आणि बटणही दाबता येते. व्हिज्युअल बेसिक ६ च्या काळात मी एका गोदामाच्या साठा-नोंदणीत हेच केले होते. बटण छान चालले. मात्र डूइव्हेंट्स सगळेच संदेश आत घेते, त्यामुळे ‘रद्द करा’ जसे दाबता येत होते तसे ‘सुरू करा’ही दाबता येत होते. तिथल्या माणसाने ते दाबले, पहिल्या मोजणीच्या पोटात दुसरी मोजणी सुरू झाली, आणि साठ्याचे आकडे असे आले की मालकाला वाटले चोरी झाली. चूक संपूर्ण माझी होती. काम टास्क.रनमध्ये न्या, स्क्रीनचा थ्रेड मोकळा ठेवा, आणि काम सुरू होताच ‘सुरू करा’ बटण निष्क्रिय करा.

लूपमधल्या तपासणीने अर्धाच प्रश्न सुटतो. थ्रेड डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत असेल, तर तो टोकन पाहणार कसा? एखाद्या खात्यावर काउंटरवरच्या दुसऱ्या व्यवहाराने कुलूप लावलेले असेल, तर तुमची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) ते सुटेपर्यंत थांबेल आणि तिच्यासोबत तुमचा लूपही. यासाठी पोस्टग्रेसची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. जोडणी होताना सर्व्हर आपल्याला त्या जोडणीच्या प्रोसेसचा क्रमांक आणि एक गुप्त किल्ली देतो. चालू क्वेरी थांबवायची झाल्यास त्याच जोडणीवरून काही बोलता येत नाही, कारण ती व्यग्र असते. म्हणून एक नवी, क्षणभराची जोडणी उघडून तो क्रमांक आणि ती किल्ली पाठवावी लागते. सर्व्हर त्या प्रोसेसला इशारा देतो, आणि ती प्रोसेसही तिच्या स्वतःच्या सुरक्षित जागी तो इशारा पाहून थांबते. म्हणजे डेटाबेसच्या आतही तीच सहकाराची पद्धत आहे. क्वेरी थांबली तर ५७०१४ हा त्रुटी क्रमांक येतो. डॉटनेट प्रोग्रामला पोस्टग्रेसशी जोडणारा एनपीजीएसक्यूएल हा ड्रायव्हर हे सारे आपल्यासाठी करतो, पण क्वेरी चालवणाऱ्या असिंक (थ्रेड अडकवून न ठेवणाऱ्या) पद्धतीला तुम्ही टोकन दिले असेल तरच. रद्द करण्याच्या विनंतीला सर्व्हर वेगळे उत्तर देत नाही, आणि ती पोचेपर्यंत क्वेरी पूर्णही झालेली असू शकते. तेव्हा ‘विनंती पाठवली’ याचा अर्थ ‘क्वेरी थांबली’ असा कधीही धरू नका. मूळ क्वेरी काय परिणाम घेऊन परतते, त्यावरच निर्णय करा.

टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारल्यावर काय होते, तेही यावरून कळते. सर्व्हरवर चालू असलेली क्वेरी ती पाठवणारा प्रोग्राम मेला म्हणून आपोआप थांबत नाही. उत्तर पाठवण्याची वेळ येईपर्यंत सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. (१४ व्या आवृत्तीपासून मधूनमधून जोडणी तपासण्याची सेटिंग आली आहे, पण ती मुळात बंद असते.) क्वेरी स्पष्ट ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतील किंवा एकही नाही, अशा गटात) नसेल, तर ती पूर्ण होऊन कमिटही होते, म्हणजे कायम नोंदली जाते. तुमच्याकडे प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे कमिट होत असणार, असा माझा तर्क आहे. त्यामुळे प्रोग्राम मारेपर्यंत झालेली सगळी खाती व्याजासह कायम राहिली, आणि दुसऱ्या फेरीत त्यांना पुन्हा व्याज मिळाले.

मग सगळी आकारणी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळावी का? थांबवले की रोलबॅक, म्हणजे सगळे बदल मागे, काहीच उरत नाही, इतके ते सरळ दिसते. पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक झटपटही होतो, कारण तिथे ओळीची जुनी प्रत जागेवरच असते आणि नवी प्रत फक्त निरुपयोगी ठरते. तो केर पुढे व्हॅक्यूम ही सफाईची व्यवस्था उचलते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी साठवण-यंत्रणेत असे नसते. तिथे केलेला प्रत्येक बदल उलट करावा लागतो, आणि मोठ्या कामाचा रोलबॅक कधीकधी मूळ कामापेक्षाही जास्त वेळ घेतो. सर्व्हर बंद करून सुरू केला तरी तो उरलेला रोलबॅक करतच बसतो. तुमची अडचण मात्र रोलबॅकची नाही, कुलुपांची आहे. २४ मिनिटांच्या ट्रान्झॅक्शनमध्ये ज्या खात्याची शिल्लक बदलली, ते शेवटपर्यंत कुलूपबंद राहील, आणि काउंटरवर पैसे काढायला आलेल्या सभासदाला ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ असे ऐकावे लागेल.

माझी सूचना अशी की कामाचे दोन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात व्याज फक्त मोजा आणि एका वेगळ्या तक्त्यात लिहा: आकारणी क्रमांक, खाते क्रमांक, कालावधी, रक्कम. हा टप्पा खात्यांना हातही लावत नाही, म्हणून तो कुठेही, कितीही वेळा थांबवता येतो आणि अर्धवट राहिलेली आकारणी निर्धास्तपणे पुसून टाकता येते. सगळी २४ मिनिटे बहुधा याच टप्प्यात जातात. दुसऱ्या टप्प्यात त्या तक्त्यावरून दोन-तीन क्वेऱ्यांत, एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये, रकमा खात्यांत जमा करा. हे काम फार तर काही सेकंदांचे आहे, आणि त्या काळात ‘रद्द करा’ बटण निष्क्रिय ठेवून तिथे ‘व्याज जमा होत आहे’ एवढेच लिहावे. या दोन टप्प्यांच्या मध्ये एक अनपेक्षित लाभही मिळतो. मोजलेल्या व्याजाची यादी व्यवस्थापकांना दाखवून मंजुरी घेता येते, आणि चुकीची तारीख तिथेच पकडली जाते.

याखेरीज खाते क्रमांक आणि व्याजाचा कालावधी मिळून अनन्य असावेत, असे बंधन जमा-नोंदींच्या तक्त्यावर लावा. मग दुसऱ्यांदा व्याज जमा करण्याचा प्रयत्न डेटाबेसच नाकारेल, मग तो प्रयत्न कारकुनाने केलेला असो, वीज गेल्यामुळे झालेला असो की तुमच्या पुढच्या चुकीमुळे. या उत्तरातली एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करा.

२४ मिनिटे का लागतात, हेही जाता जाता पाहायला हवे. खात्यामागे ८० मिलिसेकंद हा आकडा बघून मला संशय येतो की प्रत्येक खात्यासाठी चार-पाच क्वेऱ्या स्वतंत्रपणे जातात. रोजच्या शिल्लकेवरून व्याज काढणारी एकच क्वेरी सगळ्या खात्यांसाठी लिहिता आली, तर हेच काम बरेच आटोपशीर होईल. पण मग लूपच उरणार नाही, आणि थांबवण्याचा सगळा भार डेटाबेसला पाठवायच्या विनंतीवर येईल. प्रगतीचा आकडाही दाखवता येणार नाही. दोन्ही हवे असेल तर शाखेनुसार किंवा हजार-हजार खात्यांचे गट करा.

बटणावर काय लिहावे, यात मोठमोठ्या उत्पादनांतही गफलत दिसते. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक नियमांत भेद स्पष्ट आहे: काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती परत येणार असेल तरच ‘रद्द करा’ म्हणावे, झालेले काम तसेच राहणार असेल तर ‘थांबवा’. तुमच्या पहिल्या टप्प्याला ‘रद्द करा’ शोभेल. पासबुकाच्या छपाईला मात्र ‘थांबवा’च हवे, कारण छापलेल्या ओळी कोणीही परत घेऊ शकत नाही. व्याज जमा झाल्याचे एसएमएस पाठवणे हेही त्याच जातीचे काम आहे. ज्या कामाचा परिणाम प्रणालीबाहेर पडतो, तिथे ‘रद्द’ हा शब्द खोटा ठरतो.

बटण दाबल्याबरोबर, काम प्रत्यक्ष थांबण्याची वाट न पाहता, ते निष्क्रिय करून त्यावर ‘थांबवत आहे’ असे दाखवा. नाहीतर लोक पाच वेळा दाबतात. ‘नक्की रद्द करायचे का?’ असे विचारू नका. ज्याला चुकीची तारीख दिसली आहे त्याच्यासाठी तो प्रश्न छळ आहे, आणि पहिल्या टप्प्यात गमावण्यासारखे फारसे काही नाही. बटण दाबले आणि नेमके त्याच क्षणी काम पूर्ण झाले, असे कधी ना कधी होणारच. तेव्हा जे खरे घडले तेच सांगा: ‘आकारणी पूर्ण झाली होती, थांबवण्याची विनंती नंतर पोचली.’ रद्द झाल्यावर येणारा ऑपरेशनकॅन्सल्डएक्सेप्शन हा अपवाद वेगळा पकडा, कारण ती त्रुटी नव्हे. सगळे अपवाद एकत्र गिळणारा झेल (कॅच) खालच्या फंक्शनमध्ये असेल, तर तो हाही गिळतो आणि लूप पुढच्या खात्याकडे जातो; बाहेरून दिसते ते इतकेच, की बटण चालत नाही.

अहवालाची फाइल तयार करण्याच्या कामातही अशीच सोय द्यायची असेल, तर फाइल तात्पुरत्या नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्या. अर्धा ताळेबंद खऱ्या नावाने पडून राहिला, तर कोणीतरी तो लेखापरीक्षकाला पाठवतो.

चाचणी करताना बटण हाताने दाबून समाधान मानू नका. पहिल्या खात्याला, शेवटून दुसऱ्या खात्याला आणि मधल्या यादृच्छिक खात्यांना आपोआप रद्द करणारा चाचणी-कोड लिहा, आणि दर वेळी तेरीज जुळते का ते तपासा. मग हेच प्रोग्राम टास्क मॅनेजरमधून मारून करा, आणि एकदा नेटवर्कची केबल काढून.

शेवटी, अनन्यतेचे बंधन लावायला जाल तेव्हा पोस्टग्रेस ते नाकारेल, कारण सप्टेंबरच्या दुबार नोंदी तक्त्यात अजून आहेत. त्या पुसून टाकण्याचा मोह आवरा. ज्या सभासदांनी ती रक्कम काढली आहे त्यांची शिल्लक पुसण्याने बिघडेल, आणि पासबुकावर छापलेल्या ओळीचा डेटाबेसमध्ये मागमूस राहणार नाही. प्रत्येक दुबार जमेसमोर उलट नोंद करा, मूळ दुबार नोंदीचा प्रकार ‘दुरुस्त’ असा बदला, आणि बंधन फक्त ‘व्याज’ या प्रकारच्या नोंदींपुरते, म्हणजे अटीच्या अनन्य निर्देशांकाने लावा. ३१ मार्चच्या आकारणीपूर्वी एवढे झाले तर बटण एप्रिलमध्ये आले तरी हरकत नाही.